हाँगकाँगच्या दवाखान्यापुरती कँटोनीज

हाँगकाँगला येऊन महिना झाला नव्हता, तोच लेकीला ताप भरला. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणं सहज झालं. घोडं अडलं ते बाहेर, काउंटरवर. आमचा नंबर कँटोनीजमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, पुकारला गेला आणि आम्ही ढिम्म बसून! म्हणून आधी आकडे शिका: यत्, यी, साम, सेइ, ङ्. हो, पाच म्हणजे नुसता 'ङ्'. शाळेत गिरवलेला तो ङ अखेर इथे कामी आला.

शब्द वहीत देवनागरीतच उतरवा. ज्युतपिंग ही कँटोनीज रोमन लिपीत लिहायची 1993 सालची पद्धत चांगली आहे, पण तिच्यातला डी म्हणजे आपला त आणि टी म्हणजे थ. त-थ, क-ख हा फरक आपल्या कानाला जन्मजात कळतो, मग रोमनचा फेरा कशाला?

'थुंग' म्हणजे दुखणं. थाउ थुंग डोकेदुखी, थोउ थुंग पोटदुखी, हाउ लुंग थुंग घसादुखी. अवयवाचं नाव आठवलं नाही, तर बोट ठेवून 'नी तोउ थुंग' म्हणायचं, इथं दुखतंय. फात् सिउ म्हणजे ताप, थोउ ओ जुलाब. खोकल्याला खत् म्हणतात. हा विसरणं आपल्याला शक्यच नाही.

खरी परीक्षा सुरांची. 'योक्' खालच्या सुरात औषध, मधल्या सुरात ठरलेली वेळ. मी काउंटरवर ऐटीत 'ङो याउ योक्' म्हटलं. वेळ घेतलीय असं सांगायचं होतं, सूर घसरला आणि बाईंना वाटलं, माझ्याकडे औषध आहे. तेव्हापासून ठरलेल्या वेळेसाठी मी पूर्ण 'यू योक्' म्हणते. जोडशब्दात सूर थोडा हुकला तरी निभावतं.

शेजारच्या आजींमुळे मात्र भाषा एकदम घरची वाटली. तळलेलं खाऊन तोंड आलं की त्या म्हणतात 'यीत् हेइ', म्हणजे आपली उष्णता! आणि 'काय हाउ' म्हणजे पथ्य. शब्दशः तोंड आवरणं. इंग्रजीत हे समजावताना माझी दमछाक व्हायची.

मोठ्या दुखण्यात एवढ्यावर विसंबू नका. सरकारी रुग्णालयांत हिंदी-उर्दू दुभाषा मोफत मिळतो. वेळ घेतानाच मागून ठेवा. ॲलर्जीला 'मन् कम्' म्हणतात, पण तिथे सुरांचा जुगार नको. औषधाचं नाव ओळखीच्या कुणाकडून चिनी लिपीत लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवा.