खरादाच्या पटाश्यांना धार लावायचं मशीन घेताय? या चुका टाळा

पोळा जवळ आला की दोन-चार पोट्टे हमखास माझ्या दारात येतात. तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाकं उतरवायची असतात, लेथ म्हणजे खराद नवीन असते आणि पटाशी लाकूड कापायचं सोडून नुसती घासत असते. "भाऊ, धारेसाठी कोणतं मशीन घेऊ?" मी विचारतो, पटाश्या कशाच्या आहेत? मग सगळे गप्प.

सगळ्यात महाग चूक हीच. माझ्या पुतण्याने व्हिडिओ पाहून सीबीएन चाक मागवलं, म्हणजे पोलादी चाकावर क्यूबिक बोरॉन नायट्राइडचे अतिकठीण कण चढवलेलं, ग्राइंडरपेक्षा महाग. पटाश्या गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेल्या. लोहार पाणी देतो, म्हणजे तापवून बुडवून कडक करतो, ते टोकाला, मागचं पोलाद मऊच राहतं. त्या मऊ पोलादाने चाक भरलं, कापेनासं झालं. मग यानं दाबलं. धार निळी पडली तर हा खूश, "काका, चमकली!" अरे बाबा, चमकली नाही, पाणी उतरलं तिचं! सागात सिलिका असते, तो चांगल्या पटाशीचीही धार लवकर खातो. ही तर दोन मिनिटांत लोळली. निळा भाग मी पाण्यात बुडवत बुडवत घासून काढला, नखाएवढी पटाशी गेली.

सीबीएन एचएसएससाठी, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या पटाश्यांसाठी घ्या. ते पोलाद निळं पडलं तरी बिघडत नाही. ओळखायचं कसं? ग्राइंडरला हलकं टेकवा. साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या आणि फुलबाजीसारख्या फुटतात, एचएसएसच्या लालसर, आखूड. लोहारकामाच्या पटाश्यांना मी ८ इंची, मिनिटाला १४०० फेऱ्यांचा ग्राइंडर, ८० नंबर दाण्याचं पांढरं दगडी चाक आणि शेजारी पाण्याचा डबा एवढंच सांगतो.

शिवाय आपल्याकडची लाइन. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सीबीएनचं जड पोलादी चाक मोटर उचलतच नाही, घूंऽ करत बसते. तशीच ठेवली तर वायंडिंग गेलं समजा.

दुसरी चूक म्हणजे जिगचे, म्हणजे पटाशी एकाच कोनात धरणाऱ्या पकडीचे पैसे वाचवणं. "हातानेच लावतो ना भाऊ." लाव! दर वेळी कोन वेगळा, धारेच्या तिरक्या उतारावर चार-चार पैलू, आणि पटाशी वर्षभरात अर्धी. मी उताराला मार्करची शाई लावतो, बंद चाक हाताने फिरवून बघतो शाई कुठली पुसली ते, मगच बटण दाबतो. पटाशी टेकवायच्या टेकणीचा कोन रोज मोजत बसत नाही. बाभळीचा ठोकळा एकदाच कापून ठेवलाय, रफिंगच्या, म्हणजे लाकूड आधी ओबडधोबड उतरवायच्या गोल पटाशीसाठी ४५ अंशांचा.

पाण्यातलं सावकाश फिरणारं मशीन धार सुरेख देतं, पण बिघडलेल्या पटाशीला आकार द्यायला तुमचा जीव जाईल. नंतर घ्या.

नवं दगडी चाक बसवण्याआधी पेचकसाच्या मुठीने टोला द्या. खणखणलं तर ठीक, भद्द वाजलं तर फेकून द्या. चाकाच्या बाजूवर घासू नका. चष्म्याचं मी सांगायला नको.

पुतण्याचं सीबीएन चाक साफ करून माझ्याच कपाटात ठेवलंय. एचएसएसची पहिली पटाशी घेऊन आला की परत देणार.