काजूच्या हंगामात ताप आला तर डॉक्टरांना बागेचं सांगा

सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातलं सत्तरी या पट्ट्यात डिसेंबर ते मे हा माकडतापाचा काळ. हा विषाणूचा ताप गोचिडीच्या चाव्यातून माकडांना आणि माणसांना होतो. भाजावळीचा पातेरा (वाळका पाला) गोळा करणं आणि काजूबोंडू वेचणंही याच दिवसांत येतं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात माणसांच्या जिवावर उठला.

चावा बहुधा कळतच नाही. या दिवसांत चावते ती गोचिडीची पिल्लं, तिळाएवढी. चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि कंबर मोडणारी अंगदुखी सुरू होते. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट घटतात, मग सगळ्यांना डेंग्यूच वाटतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले की 'व्हायरल' म्हणून घरी पाठवलं जातं, आणि इथेच घात होतो. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा: काजूत जातो, रानात माकड मेलंय. माकडतापासाठी रक्त तपासा, असं स्पष्ट म्हणा. विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. या तापावर नेमकं औषध नाही. पण वेळेत दाखल झालं तर सलाईन आणि देखरेखीने बहुतेक जण बरे होतात. अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा चढला किंवा माणूस बरळू लागला तर लगेच रुग्णालय गाठा.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा आणि आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल उघड्या अंगाला चोळा. उकाड्यात हे नकोसं होतं, खरं आहे. निदान पातेऱ्यावर बसून जेवू तरी नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा, काखा-जांघा तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, विडीचा चटका नको, चिरडायचीही नाही.

मेलेल्या माकडाला हात लावू नका, ग्रामपंचायतीला किंवा वनरक्षकाला कळवा.

गुरं या तापाने आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडी पावसाळ्यात त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि रानात अंडी घालतात. तेव्हा रानात चरणाऱ्या गुरांचं गोचीडनाशक मृगाच्या सुमारास पशुवैद्यकांना विचारून ठरवा. दुभत्या जनावराचं दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्या.