निसर्गाचा हिशोब फाइलच्या पहिल्या पानावर कसा आणायचा

प्रोजेक्टची जागा ठरली, बजेट मंजूर झालं, टेंडरचा मसुदाही तयार झाला आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे पर्यावरणाचं पण बघायला हवं, तर तोवर फार उशीर झालेला असतो, कारण मग ठरवायला उरतं काय तर रोपं किती लावायची एवढंच. म्हणून दोनतीन पर्याय अजून कागदावर आहेत तेव्हाच नकाशा काढा. त्यावर पाणथळ जागा, गवताळ भाग, नदीचा पूरपट्टा, जनावरांच्या जायच्यायायच्या वाटा दाखवा, आणि तिथल्या लोकांना सोबत घेऊन बसा, मासे कुठे अंडी घालतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

क्रम पक्का ठेवा. आधी नुकसान टाळायचं, टाळता येत नसेल तर कमी करायचं, मग बिघडलेलं दुरुस्त करायचं, आणि भरपाई अगदी शेवटी. होतं नेमकं उलटं, सगळे थेट भरपाईवर येतात. पण जुन्या झाडाच्या ढोलीत जे पक्षी राहतात त्यांना गुडघाभर रोपांचा काय उपयोग, सांगा.

आता पैशाचं. समजा पाणथळ जागा बुजवून रस्ता करायचाय. एक्सेल शीटमध्ये वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन सगळं येतं, पाणथळ जागेची ओळ मात्र रिकामी, आणि रिकामी म्हणजे शून्य. ती भरा. ती जागा पुराचं पाणी किती धरते, किती गाळून देते, तेच काम पंप, बांध आणि प्लांटने करायचं तर खर्च किती, तो आकडा तिथे टाका. न्यूयॉर्क शहराने 1990 च्या दशकात असाच हिशोब केला आणि पिण्याच्या पाण्यासाठी अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्लांट बांधण्याऐवजी ते पाणी जिथून येतं ते कॅट्सकिल डोंगरातलं पाणलोट क्षेत्र राखलं, ते कितीतरी स्वस्त पडलं. पण म्हणून सगळ्याचीच किंमत काढत बसू नका, एखादी प्रजाती कायमची संपणार असेल तर तिथे आकडा नको, सरळ लक्ष्मणरेषा आखा.

त्याच शीटमध्ये डिस्काउंट रेटचा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या फायद्याची आजची किंमत दरवर्षी किती टक्क्यांनी घटवायची त्या दराचा सेल असतो, तो नीट बघा. 50 वर्षांनी मिळणारा 100 चा फायदा 5 टक्क्यांनी आज जेमतेम 9 दिसतो, 2 टक्क्यांनी 37. जंगल ठेवायचं की तोडायचं हे कधीकधी या एका सेलमध्येच ठरून जातं, आणि मीटिंगमध्ये त्याबद्दल कुणी विचारतही नाही! दोन्ही दर लावून दोन्ही उत्तरं समोर ठेवा.

हवामानाच्या योजनांमध्ये तर जास्तच जपायला हवं, कारण तिथे सगळं लक्ष कार्बनवर. माळरानाला पडीक म्हणायचं आणि त्यावर एकाच जातीची झाडं लावायची, ही चूक जगभर होते. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, खड्डे खणताना तीच माती उघडी पडते, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागाच जाते. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या दलदली बघा, पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के, पण त्यांच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त, त्या ओल्या ठेवल्या तर हवामान आणि जीवसृष्टी दोन्हीचं काम होतं. आयपीसीसी (हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय समिती) आणि आयपीबीईएस (जैवविविधतेवरची तशीच समिती) यांच्या तज्ज्ञांनी 2021 च्या संयुक्त अहवालात हेच मांडलं की दोन्ही प्रश्न सोबतच सोडवावे लागतील. म्हणून प्रत्येक योजनेत कार्बनच्या टनांच्या कॉलमशेजारी कोणता अधिवास वाढतो आणि कोणता जातो हा कॉलम टाका, आणि सोलरसाठी आधी छपरं आणि आधीच खराब झालेल्या जमिनी शोधा.

मग सबसिडी. जैवविविधता वाचवण्यासाठी देशांनी 2022 मध्ये केलेल्या कुनमिंग-माँट्रियल करारात निसर्गाला मारक सबसिडी 2030 पर्यंत वर्षाला किमान 500 अब्ज डॉलरने कमी करायचं ठरलंय. बजेट घ्या, सगळ्यात मोठ्या रकमेपासून सुरू करा आणि कुठल्या पैशाने पाणी, माती, मासे संपतायत त्यावर खूण करा. लगेच बंद करू नका, त्यावर पोट असलेल्यांना तेच पैसे दुसऱ्या रूपात मिळतील असं आधी बघा.

काम सुरू व्हायच्या आधीचा सर्व्हे सगळ्या ऋतूंमध्ये करून घ्या, एका भेटीत बरेच पक्षी दिसतच नाहीत. पुढच्या मोजणीचे पैसे मूळ बजेटमध्येच धरा, आणि आकडे घसरले तर काम कुणाच्या सहीने थांबणार ते पद मंजुरीच्या कागदावर लिहून घ्या.