फूटस्टेप काढा, रॉक स्लायडर लावा, तोही घरी बनवून

गेल्या पावसाळ्यात भोरच्या पुढे एका ओढ्यात माझी थार दगडावर बसली आणि बाजूचा चकचकीत फूटस्टेप वाकून वर थेट दाराखालच्या पत्र्यात घुसला, ड्रायव्हरचं दार काही केल्या उघडेना, शेवटी पलीकडच्या दारातनं उतरलो. घरी येऊन खाली झोपून बघितलं तर तो पाईप जेमतेम दीड एमएमचा आणि दोन बारीक पट्ट्यांवर लटकवलेला! म्हणजे पाय ठेवायला ठीक, गाडी टेकवायला नाही.

रॉक स्लायडर म्हणजे फूटस्टेपच्याच जागी, दारांखाली लावलेला जाड पाईप, गाडी दगडावर बसली तर पत्र्याऐवजी तो टेकतो. म्हणजे त्याला अख्ख्या गाडीचं वजन झेलायचंय. थार काय, जिम्नी किंवा जुनी जिप्सी काय, सगळ्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे खाली शिडीसारखी वेगळी चॅसी आणि वर बॉडी, त्यामुळे स्लायडर फक्त चॅसीला धरायचा, बॉडीला कुठेही टेकवायचा नाही. बॉडी रबरावर बसलेली असते, ती हलते, म्हणून पाईप आणि पत्रा यांच्यात किमान 20-25 एमएम फट ठेवा.

पाईप घ्या 40 एनबी (आतल्या व्यासाचं ठोकळ माप), सी क्लास म्हणजे जाड भिंतीचा. बाहेरचा व्यास 48.3 एमएम, जाडी 4 एमएमच्या आसपास, मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. दुकानदार जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप गळ्यात मारेल, घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय. काळा एमएस म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचा पाईपच मागा. प्लेट 6 एमएमची, बोल्ट 8.8 ग्रेडचे.

आधी पुठ्ठा कापून चॅसीवर लावून बघा, मग प्लेट कापा. मी चॅसीला भोक पाडत नाही, आत एक बाहेर एक प्लेट लावून वरखाली बोल्ट आवळतो, चॅसी मधे घट्ट धरली जाते आणि उद्या स्लायडर काढायचा झाला तर निघतो. आतल्या बाजूने हात फिरवायला मात्र विसरू नका, ब्रेकची लाइन, डिझेलची लाइन, वायरिंग तिथूनच गेलेली असते. चॅसीच्या प्लेटपासून स्लायडरपर्यंत जाणारे पाईपचे तुकडे म्हणजे पाय, प्रत्येक बाजूला असे चार द्या, तीनवर भागवू नका. पाय बाहेरच्या बाजूला 10-15 अंश वर उचललेले हवेत, नाहीतर ग्राउंड क्लिअरन्स आपणच खाऊन टाकतो. पायाचं टोक पाईपच्या गोलाईला बसेल असं ग्राइंडरने घासत घासत आणा, फट राहिली तर वेल्ड भरून भागतं असं वाटतं पण तिथेच तडा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीवर टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके, मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंग मशीनचा अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडाला तर स्लायडरपेक्षा महाग पडेल. शेजारी पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. गाडीवर फक्त टॅक मारायचे, मग स्लायडर काढून जमिनीवर पूर्ण वेल्ड करायचा, 6013 नंबरचा 3.15 एमएमचा वेल्डिंग रॉड, 110 अँपियरच्या आसपास. एका बाजूने सलग ओढत गेलात तर पाईप केळ्यासारखा वाकतो, म्हणून थोडं इकडे थोडं तिकडे करा.

टोकं प्लेटने बंद करा, खाली पाणी निघायला एक बारीक भोक ठेवा, गंज रोखायला रेड ऑक्साइड प्रायमर मारा, वर काळा रंग. पावडर कोटिंग दिसायला भारी पण एका दगडाने सोललं की खाली गंज सुरू, ब्रशचा रंग कधीही परत मारता येतो.

कायद्याचं पण बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे बदलांवर बंधनं आहेत, 2017 च्या डिसेंबरात तर केंद्राने राज्यांना बुलबार-क्रॅशगार्डवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी जाळ्या-दांड्यांवर) कारवाई करायला सांगितलं होतं. आरटीओत आधी विचारा, आणि स्लायडर टायरच्या बाहेर काढू नका.

बसवून झाला की वजन झेलतोय का ते बघायला जॅक स्लायडरच्या मधोमध लावा, पलीकडच्या चाकांना दगड लावा आणि गाडी हळूहळू उचला, पण गाडीखाली कुणी जाऊ नका. दोन्ही दारं उघडून बंद करून बघा. पत्र्याजवळची फट टेपने आधी मोजलेली असेल तर किती कमी झाली ते लगेच दिसतं. बोल्ट पहिल्या ट्रेलनंतर (खडकाळ वाटेवरच्या फेरीनंतर) परत आवळा, माझे दोन चक्क अर्धा आटा सैल झाले होते.