ॲशच्या झाडातला हिरवा भुंगेरा: वेळेत ओळखा, पुढे नेऊ नका

मिशिगन, न्यू जर्सी, ओंटारिओ अशा भागांत ज्यांच्या अंगणात ॲशचं झाड आहे, त्यांनी पानगळ झाली की ते शेंड्यापर्यंत नीट न्याहाळावं. एमराल्ड ॲश बोरर हा मूळचा पूर्व आशियातला भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ सापडला. तेव्हापासून त्याने कोट्यवधी झाडं मारली आहेत. स्वतःच्या पंखांवर तो फार लांब जात नाही. त्याचे लांबचे प्रवास सरपणातून आणि रोपांतून झाले.

आधी झाडाची खात्री करा. ॲशच्या फांद्या समोरासमोर फुटतात, आणि एका पानात ५ ते ११ पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, असतात. माउंटन ॲश नावातच ॲश आहे. त्याच्या फांद्या एकाआड एक येतात आणि त्याला ही कीड लागत नाही.

भुंगेरा चकचकीत हिरवा, साधारण सव्वा सेंटिमीटर लांब. तो पानं कुरतडतो, पण त्याने झाड मरत नाही. मारते ती अळी. सालीखाली नागमोडी बोगदे पोखरत ती अन्नरसाच्या वाटा तोडते. मे-जूनमध्ये भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट असलेलं, ३-४ मि.मी.चं छिद्र राहतं. गोल छिद्र असेल तर कीड दुसरी. बरेचजण हे छिद्र खोडावर डोळ्यांच्या उंचीला शोधतात आणि तिथेच चुकतात, कारण लागण वरच्या फांद्यांत सुरू होते. खाली छिद्रं दिसेपर्यंत झाड बहुधा हाताबाहेर गेलेलं असतं. त्याआधीची खूण सुतार पक्षी देतात: अळ्या खाण्यासाठी ते वरची साल सोलतात, तिथे फिकट चट्टे पडतात. शेंडा विरळ होणं आणि खोडावर अवेळी फुटवे येणं, याही खुणा.

शंका असेल तर हिवाळ्यात झाडाच्या मधल्या उंचीवरची, खोडाला जोडलेल्या टोकाशी किमान ६ सें.मी. जाड अशी फांदी तोडून घ्या. त्या जाड टोकाकडच्या अर्ध्या मीटर भागाची साल धारदार सुरीने पातळ पातळ सोला. भुशाने गच्च भरलेला वळणावळणाचा बोगदा दिसला तर फोटो काढून राज्याच्या कृषी किंवा वन विभागाला कळवा.

पर्णसंभार एक तृतीयांशाहून कमी गेला असेल, तर एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं खोडातलं इंजेक्शन झाड वाचवू शकतं. परवानाधारक माणसाकडूनच घ्या. पानं पूर्ण फुटल्यावर, जमिनीत ओल असताना. दोन ते तीन वर्षं ते पुरतं, मग पुन्हा द्यावं लागतं. त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर पैसे घालवू नका: औषध वर चढवणाऱ्या वाटाच तुटलेल्या असतात. वाळलेलं ॲश फार ठिसूळ होतं, त्यावर स्वतः चढू नका. तोडणी शक्यतो ऑक्टोबर ते मार्चमध्ये करून घ्या.

लाकडाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. कॅम्पिंगला जाताना घरचं सरपण गाडीत टाकू नका. जिथे जाळणार तिथूनच घ्या, १५ किलोमीटरच्या आतलं उत्तम. किंवा उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असलेलं घ्या. त्यात लाकडाचा गाभा ६० अंश सेल्सिअसवर ६० मिनिटं ठेवलेला असतो. लाकूड वरून सुकलं म्हणून भरवसा धरू नका. अळी सालीत आणि बाहेरच्या लाकडात हिवाळा काढते आणि तोडलेल्या ओंडक्यातूनही भुंगेरा बाहेर येतो, म्हणून ॲशचे ओंडके दोन उन्हाळे जागचे हलवू नका.