मोठी निगेटिव्ह स्कॅनरवर सपाट कशी धरावी

पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या नंदीमंडपाचा एक फोटो मी चार बाय पाच इंचाच्या फिल्मवर काढला होता. निगेटिव्ह धुऊन, वाळवून भिंगाखाली धरली तर खांबांच्या दगडाचा खरखरीतपणा बोटाला जाणवेल इतका स्पष्ट. स्कॅन केल्यावर मात्र कडेचे खांब धारदार आणि मधले लोण्याचे. पहिला संशय लेन्सवर गेला, दुसरा ट्रायपॉडवर, तिसरा चष्म्याच्या नंबरवर. चूक त्यातल्या कुणाचीच नव्हती. स्कॅनरच्या होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म अडकवायच्या चौकटीत, फिल्मला मधोमध झोळ पडला होता, एवढंच.

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरची लेन्स बहुधा एकाच ठरलेल्या उंचीवर फोकस करते. तुमची फिल्म त्या उंचीच्या वर असो की खाली, लेन्सला त्याचं काही घेणंदेणं नसतं. एप्सनच्या व्ही700 ते व्ही850 या मालिकेत दोन लेन्स आहेत. होल्डरमधल्या फिल्मसाठीची 6400 डीपीआयची (दर इंचाला तेवढे ठिपके टिपणारी) लेन्स काचेच्या साधारण 3 मिलिमीटर वर पाहते. आठ बाय दहाची फिल्म थेट काचेवर ठेवतात, तिच्यासाठी 4800 डीपीआयची दुसरी. कुठली वापरायची हे सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्म होल्डर’ निवडलंय की ‘फिल्म एरिया गाइड’ यावर ठरतं. तिथेच गफलत झाली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी उंची शोधायची आणि मग फिल्म त्या उंचीवर ताणून धरायची. बहुतेक जण आधी फिल्म सपाट धरायची काच आणायला धावतात. मीही धावलो होतो.

आधी वास घ्या

निगेटिव्ह तुम्ही स्वतः हल्ली काढलेली असेल तर हा भाग सोडून द्या. पण पेठेतल्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओचा डबा हाती आला असेल, हाफ प्लेट, फुल प्लेट अशा जुन्या मोठ्या मापांच्या निगेटिव्हचा, तर स्कॅनर चालू करण्याआधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे फिल्मचं प्लॅस्टिक, अ‍ॅसिटेट, कुजायला लागलंय. अशी फिल्म आक्रसते, तिच्यावर सुरकुत्या येतात आणि कितीही वजन ठेवलं तरी ती सपाट होत नाही. जशी आहे तशी लवकर स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पिवळी पडलेली, चिकट, कडेला ‘नायट्रेट’ छापलेली फिल्म मात्र गरम दिव्याजवळ नेऊच नका. नायट्रेटचं प्लॅस्टिक भयंकर पेट घेतं. 2003 साली लॉ कॉलेज रोडवर नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग पुण्यातल्या सिनेमावाल्यांना अजून आठवते.

आणखी एक. जुन्या पोर्ट्रेट निगेटिव्हवर रिटचिंग करणारे पेन्सिलीने काम करत: गालावरचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. निगेटिव्ह तिरपी धरली की पेन्सिलीची चमक दिसते. ती बाजू पुसायची नाही. तुम्ही धूळ समजून जे घालवाल, ते कुणाचं तरी दोन तासांचं काम असेल.

हवेचं गणित

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकचा बेस आणि त्यावर जिलेटिनचं इमल्शन. कोरड्या हवेत जिलेटिन आक्रसतं आणि फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. दमट हवेत ते फुगतं, मऊ पडतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी निगेटिव्ह पापडासारखी वळते आणि जुलैत तीच निगेटिव्ह दिसेल त्याला चिकटते. स्कॅनिंगला त्यामानाने दिवाळीनंतरचे महिने चांगले. पावसाळ्यातच करायचं असेल तर एसीच्या खोलीत करा, किंवा निगेटिव्ह दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. वळलेली फिल्म बटर पेपरच्या दोन तुकड्यांत घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवली की अर्धं काम होतं. इस्त्री, हेअर ड्रायर, गरम तवा यांपैकी काहीही जवळ आणू नका.

उंची शोधा

यासाठी शाळकरी पोरांची 15 सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी पुरते. छापील बाजू खाली करून ती स्कॅनरच्या काचेवर ठेवा. शून्याचं टोक काचेला टेकलेलं, दुसरं टोक 6 मिलिमीटर उंच. टेकू म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचा आणि उंची मोजून घ्या. झाकण हलकेच टेकवा आणि फिल्म होल्डरचं सेटिंग ठेवून 2400 डीपीआयला स्कॅन करा. आता पट्टीवरच्या कुठल्या रेघा सगळ्यात धारदार आहेत ते पाहा. दर सेंटिमीटरला पट्टी 0.4 मिलिमीटर चढते, म्हणजे 7 च्या आकड्याजवळ धार असेल तर तुमच्या स्कॅनरचा फोकस 2.8 मिलिमीटरवर. दोन-तीनदा करा. एकाच मॉडेलच्या दोन स्कॅनरांतही फरक असतो, त्यामुळे मित्राचा आकडा उसना घेऊ नका.

काच

मुख्य कारागिरी इथे आहे. काच फिल्मच्या वर हवी, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये नको. पण गुळगुळीत काच फिल्मच्या चकचकीत बाजूला टेकली की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे न्यूटनची वर्तुळं उमटतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, त्याच घराण्यातली ही गोष्ट. कृष्णधवल स्कॅनमध्ये ती लाकडाच्या रेषांसारखी दिसतात, आणि दिसायची तर नेमकी मोकळ्या आकाशात.

उपाय दोन. इमल्शनची बाजू मॅट असते, ती साध्या काचेला लावली तर वर्तुळं सहसा येत नाहीत. किंवा बेसची चकचकीत बाजू अँटी-न्यूटन काचेला लावायची. या काचेचा पृष्ठभाग अगदी बारीक खरवडलेला असतो. मी दुसऱ्या उपायाचा. इमल्शनला काहीही टेकू नये, हा माझा हट्ट आहे, आणि त्याला कारण आहे: एका जुलैत मी साधी काच इमल्शनवर ठेवून रात्री तशीच विसरलो. सकाळी ती सुटली, पण निगेटिव्हवर रुपयाएवढा चकचकीत डाग कायमचा राहिला.

बाजू ओळखायला शीट फिल्म उभी धरा. कापलेली खाच वरच्या कडेला उजवीकडे असेल तर इमल्शन तुमच्याकडे.

अँटी-न्यूटन काच मिळाली नाही तर फोटो फ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच चालून जाते, पण कधीकधीच. दुकानात छोटा तुकडा मागून घ्या आणि घरी एखाद्या रिकाम्या, मोकळ्या आकाशाच्या निगेटिव्हवर ठेवून स्कॅन करा. आकाशात रवा दिसला तर ती काच निकामी. पसंत पडली तर फिल्मपेक्षा सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर मोठी, 2 मिलिमीटर जाडीची कापून घ्या आणि कडा घासून मागा. बोट कापलं तर आधी रक्त निगेटिव्हवर सांडतं, हे अनुभवाचे बोल.

आता काच टेबलावर ठेवा, खरवडलेली बाजू वर. तिच्यावर फिल्म, बेस खाली, इमल्शन वर. एक कड मॅजिक टेपने चिकटवा, टेप फक्त कडेच्या कोऱ्या पट्टीवर. मग समोरची कड किंचित ओढून ताण द्या आणि चिकटवा, नंतर उरलेल्या दोन. खाटेची नवार ताणतात तसं: एकदम कचकन नाही, बेताबेताने. काच उलटी करा. फिल्म आता काचेच्या पोटाला लटकते आहे आणि इमल्शन लेन्सकडे आहे.

या काचेखाली दोन्ही बाजूंना माउंट बोर्डाच्या पट्ट्या द्या. त्यांची उंची म्हणजे मघाशी सापडलेला आकडा, अधिक फिल्मची जाडी, जी 0.2 मिलिमीटरच्या आसपास असते. बारीक फरकासाठी झेरॉक्सचा कागद वापरा. 80 जीएसएमचा एक कागद सुमारे 0.1 मिलिमीटर भरतो. एक कागद घाला, स्कॅन करा, एक काढा, स्कॅन करा. चारही कोपरे आणि मध्य स्क्रीनवर 100 टक्के मोठं करून तपासा.

आठ बाय दहाला एवढा खटाटोप लागत नाही. ‘फिल्म एरिया गाइड’ निवडा, फिल्म इमल्शन खाली करून थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवा आणि वरून अँटी-न्यूटन काच. इथे इमल्शन काचेला टेकतंच, म्हणून स्कॅन होताच उचला. पावसाळ्यात तर लगेच.

द्रवात बुडवून माउंट करायची पद्धतही आहे. तिने ओरखडेही झाकले जातात, पण ते द्रव बहुधा ज्वलनशील असतात आणि खोलीभर वास सुटतो. शिवाय पेन्सिलीच्या रिटचिंगचं काय होईल त्याची खात्री नाही. फ्लॅटच्या बेडरूममध्ये मी ते करत नाही.

स्कॅन करताना

स्कॅनर त्याच्या स्वतःच्या काचेच्या वरच्या टोकाला स्वतःला तपासून घेतो, ती जागा मोकळी ठेवा. तिथे टेपची कड किंवा पट्टी आली तर स्कॅनभर उभ्या रेघा पडतात. प्रीव्ह्यू घेऊन दोन-चार मिनिटं थांबा. दिव्याच्या उबेने फिल्म थोडी हलते, ती तोवर स्थिरावते. चार बाय पाचला 2400 डीपीआय पुरे: 9600 गुणिले 12000 पिक्सेल, 16 बिट ग्रेस्केलमध्ये सुमारे 230 एमबी. आठ बाय दहाला तेवढ्याच फाइलसाठी 1200 बस.

इमल्शन खाली असल्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये आडवं फिरवून घ्या. माझ्या पहिल्या नीट जमलेल्या स्कॅनमध्ये मी तेच विसरलो, आणि पाताळेश्वरचा नंदी चार दिवस भलतीकडे पाहत बसला होता.