एम.ए. सायकॉलॉजीनंतर डॉक्टरेट: सोलापूरच्या मुलांनी आधी काय तपासावं

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून एम.ए.ला आलेल्या मुली भेटल्या की ठरलेलं वाक्य कानावर पडतं: "ताई, एम.ए. करते, मग पीएच.डी., मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतःचं क्लिनिक." यातला शेवटचा तुकडा आपोआप खरा होत नाही. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. केली की नावाआधी डॉक्टर लागतं, शिकवता येतं, संशोधन करता येतं. रुग्णासमोर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. तो भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदणीतून मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली व्याख्या एकदा स्वतः वाचा. आरसीआयची मान्यता हा तिचा कणा आहे. १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

पदवीच्या नावात 'क्लिनिकल' असलं तरी एवढ्याने भागत नाही. माझ्या मार्कशीटवरही तो शब्द आहे, आणि नोंदणीसाठी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मान्यता त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीसाठीच असते. आरसीआयच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही जुळवून बघा. "प्रस्ताव पाठवलाय, मंजुरी येईलच" असं ऑफिसात सांगितलं तर फी भरू नका. मला नेमकं हेच सांगितलं होतं. मंजुरी आली नाही.

नोंदणीसाठी सिनिअर सांगतात तो एम.फिल.चा रस्ताही आता गृहीत धरू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला फक्त २०२५-२६ सत्रापर्यंत मुभा दिली होती. नोंदणीसकट डॉक्टरेट हवी असेल तर आरसीआयमान्य साय.डी., म्हणजे रुग्णसेवेच्या प्रशिक्षणावर भर असलेली मानसशास्त्रातली डॉक्टरेट बघा, एम.ए.नंतर ती चार वर्षांची आहे. संशोधनाचीच ओढ असेल तर पीएच.डी. उत्तम. तिला एम.ए.त ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशाला धरतात. नुसतं पीएच.डी.साठी पात्र ठरलात तर ७० टक्के भार नेटचा, ३० मुलाखतीचा, आणि तो निकाल एकच वर्ष चालतो.

घाबरू नका, एम.ए.ची दोन वर्षं वाया जात नाहीत. पण ती वापरावी लागतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात बसायची परवानगी कॉलेजच्या पत्राने रीतसर मागा. डिझर्टेशनचा डेटा स्वतः गोळा करा, स्टॅटिस्टिक्स स्वतः करा. पैसे देऊन करून घेतलेलं काम मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. पैसे घेऊन पेपर छापणारी जर्नल्स आणि शनिवार-रविवारची काउन्सेलिंग सर्टिफिकेटं यांवर रुपयाही घालवू नका. गाइड निवडताना मोठ्या नावाला भुलू नका. तुमचा मसुदा लाल पेनाने भरून परत देणारे सर किंवा मॅडम मिळाल्या तर त्यांना सोडू नका. शिफारसपत्रात तुमच्याबद्दल खरं काही लिहू शकतील ते तेच.

मराठी माध्यमामुळे मागे पडू, ही भीती मी पुष्कळ बाळगली. पण सोलापूरचा रुग्ण मराठीत बोलतो, आईशी कन्नडमध्ये, शहराच्या पूर्व भागातला असेल तर तेलुगूत. बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच तयार केली होती. या भाषांमधून केस हिस्टरी घेता येणं ही मोठी ताकद आहे, ती मुलाखतीत ठामपणे मांडा. इंग्रजीतून केस सांगायची सवय मात्र पहिल्याच सत्रापासून लावा. एका मैत्रिणीला समोर बसवा, केस मोठ्याने मांडा आणि तिला मध्येच अडवून 'हे निदान का, दुसरं का नाही?' असं विचारायला सांगा.